डिजिटल सिनेमा विकत घेण्याआधी

यूट्यूबवर किंवा ॲपल टीव्हीच्या ॲपमध्ये एखादा सिनेमा शोधला की दोन बटणं दिसतात. एक भाड्याचं, साधारण शंभर-दीडशे रुपयांचं. दुसरं खरेदीचं, तीनशेपासून सातशेपर्यंत कितीही. भाड्याचा हिशोब सरळ आहे. पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. त्या ४८ तासांत हवा तितक्या वेळा बघा. खरेदीत मात्र नेमकं काय हातात येतं, ते बटणावर लिहिलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक सिनेमांना भाडं पुरतं. काही सिनेमे विकत घेणं खरंच परवडतं, पण तेव्हा सिनेमापेक्षा दुकान कुठलं आणि खातं कुठल्या देशाचं, हे जास्त बारकाईने बघावं लागतं.

भारतातली दुकानं मोजकीच आहेत. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर इथे डिसेंबर २०१२ मध्ये आलं, आता तेच ॲपल टीव्हीच्या ॲपमध्ये आहे. गूगल प्ले मूव्हीज नावाचं वेगळं ॲप होतं, ते जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं आणि तिथली खरेदी यूट्यूब आणि गूगल टीव्हीमध्ये गेली. बुकमायशोने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'स्ट्रीम' काढलं, त्यात भाडं आणि खरेदी दोन्ही आहे. प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२२ मध्ये भाड्याचा विभाग उघडला. प्राइमचं सदस्यत्व असलं तरी तिथले पैसे वेगळे भरावे लागतात. आपल्याकडे भाड्याची सवय हळूहळू रुजते आहे. आमिर खानचा 'सितारे जमीन पर' ऑगस्ट २०२५ मध्ये कुठल्याही सदस्यत्वाच्या ओटीटीवर न जाता यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने आला होता.

आता खरेदीकडे वळू. पैसे भरल्यावर तुम्हाला मिळतो तो त्या दुकानाच्या खात्यातून, त्या देशात, स्वतःपुरता सिनेमा पाहण्याचा परवाना. डीव्हीडी तुम्ही शेजाऱ्याला देऊ शकता, जुन्या बाजारात विकू शकता, दुकान बुडालं तरी ती कपाटात राहते. परवान्याचं यातलं काहीच होत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की ग्राहकाला मिळतोय तो फक्त परवाना, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूवर खरेदीचं बटण लावता येणार नाही. कायमची उतरवून घेता येणारी फाइल दिली तर त्यातून सूट आहे, म्हणजे कायद्यालाही फरक नेमका कुठे आहे ते कळलेलं आहे.

हा परवाना हातचा जातो तो चार वाटांनी, आणि चारही सारख्या धोक्याच्या नाहीत.

पहिली वाट म्हणजे सिनेमा दुकानातून निघून जाणं. वितरकाचा करार संपला की नव्या गिऱ्हाइकाला तो मिळत नाही, पण ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्या यादीत तो बहुतेक वेळा राहतो. याला फार घाबरायचं कारण नाही. दुसरी वाट म्हणजे घेतलेल्यांच्या यादीतूनही सिनेमा पुसला जाणं. हे क्वचित होतं, पण झालेलं आहे. सोनीने प्लेस्टेशन स्टोअरवर सिनेमे विकणं ऑगस्ट २०२१ मध्ये थांबवलं. वर्षभराने, ३१ ऑगस्ट २०२२ पासून, स्टुडिओकॅनाल या कंपनीचे विकत घेतलेले सिनेमेही जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या यादीतून काढले. जर्मनीत ३१४, ऑस्ट्रियात १३७. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांबाबत तीच घोषणा झाली. लोक खवळले, नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला, पण करार किमान ३० महिन्यांचाच होता. पैसे एकदाच भरलेले आणि हक्क मात्र कराराच्या मुदतीवर टांगलेला, असा हा प्रकार.

तिसरी वाट दुकानच बंद होण्याची. अल्ट्राव्हायोलेट ही हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये उभी केलेली सोय होती. डिस्क घ्यायची, आतला कोड टाकायचा, सिनेमा कायमचा डिजिटल कपाटात. ती ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. ज्यांनी मुदतीआधी आपलं खातं एखाद्या चालू दुकानाला जोडून ठेवलं होतं, त्यांचे बहुतेक सिनेमे टिकले. ज्यांनी ईमेल वाचला नाही त्यांचे अडकले. फ्युनिमेशन ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, विकणारी अमेरिकेतली कंपनी क्रंचीरोल या त्याच धंद्यातल्या सेवेत विलीन झाली, तेव्हा २ एप्रिल २०२४ ला डिस्कबरोबर मिळालेल्या डिजिटल प्रती गेल्याच, नव्या ठिकाणी आल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये सिनेमे विकणं थांबवलं. आधी घेतलेले चालू ठेवलेत. सूत्र एकच दिसतं. ज्या कंपनीचा मुख्य धंदा दुसराच आहे आणि सिनेमाचं दुकान बाजूला चालवलेलं आहे, तिथे ते दुकान आधी मिटतं. आणि सूचना येते ती नोंदवलेल्या ईमेलवर. जुन्या नोकरीचा किंवा कॉलेजचा ईमेल खात्याला जोडलेला असेल तर आजच बदला.

चौथी वाट सगळ्यांत साधी आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त लोकांना लागणारी: खातं हातचं जाणं किंवा खात्याचा देश बदलणं.

पुण्या-नाशिकहून अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत गेलेल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. ॲपलच्या खात्याला एकच देश असतो. तो बदलायचा तर खात्यातली शिल्लक शून्य करावी लागते, चालू सदस्यत्वं बंद करून त्यांची मुदत संपू द्यावी लागते, आणि फॅमिली शेअरिंगच्या, म्हणजे कुटुंबात खरेदी वाटून घेण्याच्या, गटात असाल तर तेही आडवं येऊ शकतं. हे सगळं करून देश बदलला की जुन्या देशातली खरेदी नव्या देशात पुन्हा उतरवता येईलच असं नाही, कारण भारतातले हक्क एका वितरकाकडे आणि कॅनडातले दुसऱ्याकडे असतात. सिनेमा पुसला गेलेला नसतो, पण दिसत नाही. मुलांसाठी जमवलेले वीस-पंचवीस सिनेमे असे एका दिवसात गायब होऊ शकतात.

यावर दोन उपाय आहेत. देश बदलण्याआधी सगळं उतरवून घ्या, किंवा देश बदलूच नका, नव्या देशासाठी दुसरं खातं काढा आणि जुनं तसंच ठेवा. दुसरा उपाय वापरायला किचकट आहे, पण खरेदी शाबूत राहते. जुन्या खात्याला भारतातला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो चालू ठेवा किंवा आधी बदला; ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात राहिला तर खातं असूनही नसल्यासारखं.

याच कारणाने न्यू जर्सीतल्या मुलाने घेतलेले सिनेमे सांगलीतल्या आईवडिलांना फॅमिली शेअरिंगमधून दिसत नाहीत. ॲपलच्या गटात सहा जण बसतात, गूगलच्या फॅमिली लायब्ररीतही सहा, पण खरेदी वाटून घ्यायला सगळ्यांची खाती एकाच देशाची लागतात. भाड्याने घेतलेला सिनेमा तर कुटुंबात वाटताच येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक चांगली सोय आहे, मूव्हीज एनीव्हेअर. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. डिस्ने, युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या स्टुडिओंचा सिनेमा एका दुकानात घेतला की जोडलेल्या बाकीच्या दुकानांतही तो दिसतो. एक दुकान मिटलं तरी दुसरीकडे प्रत उरते, म्हणून तिसऱ्या वाटेवर यापेक्षा चांगला विमा नाही. पॅरामाउंट आणि लायन्सगेट यात नाहीत, त्यामुळे त्यांचे सिनेमे घेताना दुकान जपून निवडावं. तिथे सेलमध्ये पाच डॉलरला जुना सिनेमा सहज मिळतो, त्या भावात दोन वेळा पाहिला तरी वसूल. ही सोय भारतात नाही. इथे ज्या दुकानात घेतला तिथेच तो राहणार, म्हणून इथल्या खरेदीचा भाव त्या हिशोबाने जोखावा.

दर्जाबद्दल दुकानं फार मोघम बोलतात. पाटीवर '४के', म्हणजे २१६० रेषांचं बारीक चित्र, लिहिलेलं असतं आणि घरी ४८० रेषांचं पुसट दिसतं, हे रोजचं आहे. कारण बहुतेकदा इंटरनेटमध्ये नसतं, साखळीत असतं. विकलेल्या सिनेमाला कुलूप असतं, आणि दुकानापासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक यंत्राकडे त्याची मान्य किल्ली असावी लागते. अँड्रॉइडवर या कुलपाचं नाव वाइडवाइन. त्याची एल-१ पातळी असेल तर एचडी आणि ४के मिळतं, एल-३ असेल तर गाडी ४८०वर अडते. आठ-दहा हजारांत मिळणारे बिननावाचे अँड्रॉइड प्रोजेक्टर आणि टीव्ही बॉक्स बहुतेक एल-३ असतात. प्रोजेक्टर खरोखरच १०८० रेषांचा असला तरी सिनेमा पुसटच दिसणार. 'डीआरएम इन्फो' नावाचं फुकट ॲप टाकून सिक्युरिटी लेव्हल बघता येते. घेतलेल्या प्रोजेक्टरला एल-१ नसेल तर त्याला नामांकित कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि सिनेमा स्टिकवरून चालवा.

कॉम्प्युटरच्या ब्राउझरचंही तसंच आहे. महागडा लॅपटॉप आणि ४के मॉनिटर असला तरी ब्राउझरमध्ये विकतचा सिनेमा अनेकदा ४८० किंवा ७२० रेषांवर थांबतो. ४केचे जास्तीचे पैसे द्यायचे तर सिनेमा टीव्हीच्या ॲपमधूनच बघायचा.

तारेच्या साखळीत एचडीसीपी नावाचं दुसरं कुलूप असतं. ४केसाठी त्याची २.२ आवृत्ती टीव्हीच्या पोर्टला, मधल्या रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या डब्याला), स्प्लिटरला, सगळ्यांना लागते. बऱ्याच जुन्या ४के टीव्हींवर चारपैकी एक-दोनच एचडीएमआय पोर्ट त्या लायकीचे असतात, पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मधे २०१४च्या आधीचा रिसीव्हर असेल तर चित्र १०८०वर उतरतं किंवा पडदा काळा होतो. उपाय सोपा आहे: स्टिक थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीतून एआरसीने, म्हणजे एचडीएमआय तारेतूनच उलट नेणाऱ्या सोयीने, रिसीव्हरला परत पाठवा.

डेटाचंही गणित मांडून ठेवावं. ॲपल ४केसाठी २५ एमबीपीएस मागतं. तो वेग सलग धरला तर तासाला सुमारे ११ जीबी, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला २८ जीबीच्या आसपास. घरच्या फायबरला महिन्याची ३३०० जीबीची मर्यादा असते, तिथे हे काहीच नाही. मोबाइलच्या दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर मात्र एचडीचासुद्धा एक तास जेमतेम निघतो.

आणि तरीही हे डिस्कच्या तोडीचं नसतं. ४के ब्लू-रे डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते. अंधारातली दृश्यं, धूर, पाऊस, गर्दी यांत फरक डोळ्यांना दिसतो. स्ट्रीमिंगमध्ये काळ्या भागात पट्टे आणि चौकोन उमटतात. दिवाणखान्यात ४३ इंची टीव्ही आठ-नऊ फुटांवरून बघणाऱ्याने याची चिंता करू नये. शंभर इंची पडदा लावणाऱ्याने जरूर करावी.

आवाजात फरक आणखी जास्त आहे. स्ट्रीमिंगवरचा डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा भोवतालचा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपात येतो, साधारण ७६८ केबीपीएसपर्यंत. डिस्कवर तोच ट्रूएचडीमध्ये, काहीही न गमावता, कित्येक पटींनी जास्त माहिती घेऊन असतो. पण अनेकांच्या घरी यातलं काहीच कानापर्यंत पोचत नाही, कारण साउंडबार ऑप्टिकल तारेने जोडलेला असतो. त्या तारेतून ॲटमॉस जातच नाही, साधा ५.१, म्हणजे सहा स्पीकरांचा आवाज, जातो. स्ट्रीमिंगच्या ॲटमॉसला एचडीएमआय एआरसी पुरतं. त्याची नवी आवृत्ती ईएआरसी लागते ती डिस्कच्या ट्रूएचडीला. म्हणजे चारशे रुपयांच्या तारेने जो फरक पडतो, तो सातशे रुपयांच्या ४के खरेदीनेही पडत नाही.

खरेदीच्या बाजूने बोलायचं तर पहिला मुद्दा शोधाशोध वाचण्याचा. सदस्यत्वाच्या ओटीटीवरचा सिनेमा आज इथे, सहा महिन्यांनी तिथे, मग कुठेच नाही. विकतचा त्या मानाने जागेवर राहतो. जाहिराती नाहीत. ॲपलने २०१७ मध्ये ४के सुरू केलं तेव्हा आधी एचडीत घेतलेल्या अनेक सिनेमांची ४के प्रत फुकट दिली. डिस्कवाल्यांना तेव्हा नवी डिस्क घ्यावी लागली. आणि लहान मुलं एकच सिनेमा चाळीस वेळा बघतात, तिथे खरेदीला तोड नाही.

माझं ढोबळ माप असं: खरेदीचा भाव भाड्याच्या तिपटीच्या आत असेल आणि येत्या दोन-तीन वर्षांत तो सिनेमा तीनदा बघणार असाल, तरच घ्यावा. दहा वर्षांचा हिशोब करू नये, कारण दहा वर्षं ते दुकान त्याच रूपात असेल याची हमी कोणी देत नाही. नवा सिनेमा पहिल्या महिन्यात विकत घेणं तर शुद्ध उधळपट्टी. काही आठवड्यांत तो बहुतेक वेळा कुठल्यातरी सदस्यत्वात येतो.

उतरवून घेण्याची सोय दुकानागणिक वेगळी आहे. यूट्यूबचा सिनेमा फोन-टॅबच्या ॲपमध्येच उतरतो. तिथून फाइल बाहेर काढता येत नाही. ॲपलचा सिनेमा मॅकवर किंवा विंडोजवरच्या ॲपल टीव्ही ॲपमध्ये फाइल म्हणून उतरतो. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि खात्याला जोडलेल्या पाच कॉम्प्युटरांपैकी कशावरही चालते. कुलूप असतंच, पण दुकानातून सिनेमा गेला तरी फाइल राहते. मात्र ही फाइल एचडी असते, ४के फक्त स्ट्रीम होतं. एका सिनेमाला चार ते सहा जीबी धरा. एक टीबीच्या डिस्कवर दीडशे सिनेमे आरामात बसतात, आणि ती डिस्क सात-आठ सिनेमांच्या किमतीत येते. कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात; आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

वारसाचं कोणी विचारत नाही, पण विचारावं. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आपल्यामागे त्या व्यक्तीला फोटो, चिठ्ठ्या, संदेश मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मिळत नाहीत. डीव्हीडीचं कपाट मुलांना जातं, हे जात नाही.

पैसे भरताना एक अडचण ठरलेली. रिझर्व्ह बँकेचे आपोआप वजावटीचे आणि कार्ड साठवण्याचे नियम बदलल्यावर ॲपलने २०२२ मध्ये भारतीय खात्यांवर क्रेडिट-डेबिट कार्ड घेणं थांबवलं. यूपीआय, नेटबँकिंग किंवा खात्यातली शिल्लक वापरावी लागते. शिल्लक लागेल तेवढीच भरा, कारण देश बदलायच्या वेळी उरलेले सत्तर-ऐंशी रुपयेही अडून बसतात. चुकून चुकीच्या भाषेतली प्रत घेतली तर ती सुरू न करता लगेच परतावा मागा. एकदा सुरू केली की काम अवघड होतं. ही चूक फार होते, कारण इंग्रजी सिनेमाची हिंदी डब प्रत काही दुकानांत वेगळा सिनेमा म्हणून विकतात. बटण दाबण्याआधी खालची ऑडिओ आणि सबटायटलची ओळ वाचा.

मराठी सिनेमाचं काय? इथे खरेदीचा प्रश्न बऱ्याचदा उद्भवतच नाही, कारण विकायला ठेवलेलाच नसतो. नवे सिनेमे ओटीटीवर येतात. जुन्यांतले कितीतरी हक्कदार कंपन्यांनीच यूट्यूबवर फुकट टाकलेत, कोपऱ्यात मोठा शिक्का आणि मधेमधे जाहिराती घेऊन. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे प्रभातचे १९३०च्या दशकातले सिनेमे कधीच मुक्त झाले आहेत. त्यांच्यासाठी पैसे मागणाऱ्याकडे नव्याने दुरुस्त केलेली प्रत आहे का, एवढं बघा.

मधल्या काळातले, म्हणजे साधारण १९७० ते २००० मधले सिनेमे सगळ्यांत अडचणीत आहेत. ओटीटीवर नाहीत, दुकानात नाहीत, यूट्यूबवर असले तर अर्धे कापलेले. त्यांची चांगली प्रत अनेकदा घरातल्या जुन्या व्हीसीडीवर असते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, पण तिला कुलूप नसतं. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दीड हजाराला मिळतो. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. आतल्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करा. सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर असतो, म्हणून फाइलींना क्रमाने नावं द्या. सगळ्या डिस्कवर फाइलचं नाव बहुधा सारखंच असतं आणि दुसरी पहिलीवर लिहिली जाते. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये ती तशीच चालते. कॉपी मधेच अडकली तर वेग कमी करून किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा.